हे पाणी कशाचे?

दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूर भागात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. तोडीसाठी मराठवाड्यातून आलेली कुटुंबे कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला कोप्या बांधून राहतात. त्यांत गरोदर बायकाही असतात. समजा, त्यांपैकी एकीला आठव्या महिन्यात एकाएकी पातळ ओले झाल्याचे जाणवले. कळा मात्र नाहीत. हे पाणी कशाचे? लघवी असेल, अंगावरून जाणारे पांढरे असेल, किंवा पाणमोट फुटून झिरपणारे गर्भजलही असेल. गर्भजल असेल तर जंतूंना गर्भाकडे जाण्याची वाट मोकळी झाली आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यता वाढली. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण इंदापूरच्या बाजूने तिथवर येणे म्हणजे पन्नासेक किलोमीटर आणि बुडालेली मजुरी. म्हणून या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते.

दिवस भरलेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण आठ जणींची पाणमोट कळांआधी फुटते. दिवस भरण्यापूर्वी असे होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे तीन. पाणी भळभळ वाहिले तर कोणत्याही सुईणीला ते कळते. थेंबथेंब झिरपले तर डॉक्टरही अडखळतात.

पहिला उपाय आपल्या शाळेतल्या लिटमसचाच भाऊबंद होता. योनीमार्गातला स्राव आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साडेचारच्या आसपास. गर्भजलाचा सामू सातच्या थोडा वर. १९४० साली नायट्राझिन या दर्शकाने गर्भजल ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. पिवळा कागद निळा झाला की पाणमोट फुटली असे समजायचे. पण रक्त, वीर्य आणि काही जंतुसंसर्ग यांनीही कागद निळा होतो.

दुसरी खूण सूक्ष्मदर्शकात सापडली. कर्करोगाच्या चाचणीमुळे प्रसिद्ध झालेल्या पापानिकोलाऊ यांनी १९४६ मध्ये गर्भाशयमुखाचा स्राव काचपट्टीवर वाळला की नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते, याची नोंद केली. क्षार आणि प्रथिने यांच्यामुळे गर्भजलही अशीच नक्षी उमटवते. परंतु मग गर्भाशयमुखाचा स्राव आणि गर्भजल यांत घोटाळा होणारच!

दोन्ही पद्धती पाण्याचे सामान्य गुणधर्म तपासत होत्या. पुढे प्रश्नच बदलला: गर्भजलात भरपूर आहे आणि आसपासच्या इतर स्रावांत जवळजवळ नाही, असे काय? उत्तरार्धातले गर्भजल हे बरेचसे गर्भाचे मूत्रच असते, म्हणून त्यातल्या क्रिएटिनिनची खूण वापरून पाहिली गेली. ती स्वस्त आहे. मात्र आईच्या लघवीतही क्रिएटिनिन असतेच.

१९७५ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ पेत्रुनिन व सहकाऱ्यांनी गर्भजलातून एक प्रथिन वेगळे केले. आज त्याला 'पीएएमजी-१' म्हणतात. एक मिलिलिटर गर्भजलात ते हजारो नॅनोग्रॅम असते, तर पाणमोट शाबूत असताना योनीमार्गातल्या स्रावात एक नॅनोग्रॅमही नसते. इतका फरक असल्यावर चाचणी सोपी होते. या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे पट्टीवर बसवली, की घरगुती गर्भचाचणीप्रमाणे काही मिनिटांत रेघ उमटते. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या 'आयजीएफबीपी-१' या प्रथिनावरही अशाच पट्ट्या निघाल्या. लिटमसच्या मानाने त्या बऱ्याच महाग आहेत.

एवढ्याने प्रश्न सुटला का? २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र पाठवून सावध केले. केवळ पट्टीच्या निकालावर विसंबून राहण्याशी जोडलेल्या, गर्भ दगावल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. पट्टी एका प्रथिनाविषयी सांगते. ताप, पाण्याचा वास, गर्भाची हालचाल आणि ठोके डॉक्टरांनाच तपासावे लागतात.

वर्गात लिंबाचा रस, खायचा सोडा आणि लिटमस घेऊन बसाल तेव्हा रंग बदलल्यावर थांबू नका. "याच रंगाने आपली फसगत कशाने होईल?" असे मुलांना विचारा. या चाचण्यांचा इतिहास त्याच प्रश्नाने पुढे सरकला आहे. आणि मोठ्या मुलींना, गावातल्या बायकांना एवढे जरूर सांगा: गरोदरपणात पाणी गेल्यासारखे वाटले, तर कळांची वाट पाहू नये. दवाखाना गाठावा.