संगमरवरी भेक : कोरडवाहू शेतातील रात्रीचा राखणदार

पहिला वळवाचा किंवा मृगाचा पाऊस झाला की कडुनिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात. त्याच सुमारास बांधावरच्या दगडाखालून खडबडीत पाठीचा एक प्राणी बाहेर पडतो. आपण त्याला बेडूक म्हणतो. शास्त्रात तो भेक. वाळूमिश्रित माळरान, गवताळ पडीक जमीन आणि कोरडवाहू शेतात राहणारी त्याची एक जात म्हणजे संगमरवरी भेक (डट्टाफ्रायनस स्टोमॅटिकस). इराणपासून भारत, बांगलादेशापर्यंत ती आढळते.

ओळख
• राखाडी-हिरवट पाठीवर संगमरवरासारखी गडद नक्षी.
• डोळ्यांमागे विषग्रंथींचे उंचवटे.
• घराजवळच्या साध्या भेकाच्या डोक्यावर काळ्या धारेचे हाडांचे उंचवटे असतात, याच्या डोक्यावर नसतात.

जीवनक्रम
भेक तोंडाने पाणी पीत नाही. कातडीतून ओलावा शोषतो. म्हणून दिवसा तो बिळात किंवा दगडाखाली राहतो. पावसाळ्यात नर डबक्याकाठी ओरडतात आणि मादी पाण्यात माळेसारखी अंडी घालते. डबके आटण्याआधी पिल्ले बाहेर पडली नाहीत, तर ती मरतात.

शेतीला उपयोग
भुंगेरे, वाळवी, मुंग्या, अळ्या असे हलणारे कीटक तो रात्री खातो. मात्र त्यात मित्रकीटकही असतात आणि जमिनीतील हुमणीच्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे भुंगेरे गोळा करून नष्ट करण्याचे काम थांबवू नका. भेक हा मदतनीस आहे, संपूर्ण उपाय नव्हे.

काय काळजी घ्याल?
• फवारणी पंप, औषधाचे डबे डबक्यात धुऊ नका. पातळ कातडीतून विष थेट शरीरात जाते.
• बांधावरचे सगळे दगड, गवत साफ करू नका. बांध पेटवू नका.
• प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यातून भेकाला वर चढता येत नाही. काठावरून पाण्यापर्यंत जाड दोर किंवा गोणपाट सोडा.
• भेकाला हात लागल्याने चामखीळ येत नाही. तरी हात धुवा, डोळ्यांना लावू नका. कुत्र्याने तोंडात धरल्यास फेस येतो. तोंड पाण्याने धुऊन पशुवैद्यकाला दाखवा.

पुढच्या पावसात रात्री बॅटरी घेऊन बांधावर एक फेरी मारा. पूर्वी दिसणारे भेक आता दिसत नसतील, तर डबकी, बांध आणि फवारणीची पद्धत तपासून पाहा.