खोलीतले गाणे

पियानो म्हटला की साहेबाचा दिवाणखाना आणि रेशमी झगे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्हीही कित्येक वर्षे याच समजुतीत होतो. एका रात्री युनियनच्या कचेरीत, हजेरीपटांच्या गठ्ठ्यावर ठेवलेल्या टेपमधून फ्रान्झ शूबर्टची गाणी ऐकली. जर्मन भाषेचे अक्षर कळले नाही. पण जागचे उठवेना. तेव्हा हा गृहस्थ कोण, हे पाहणे भाग पडले.

शूबर्ट १७९७ साली व्हिएन्नात एका शाळामास्तराच्या घरी जन्मला. बापाच्याच शाळेत त्याने काही काळ पोरे शिकविली. एकतीस वर्षांच्या आयुष्यात सहाशेंवर गाणी रचली. परंतु केवळ त्याच्याच रचनांचा जाहीर जलसा झाला तो एकदा, मार्च १८२८ मध्ये. एरवी ही गाणी मित्रांच्या बिऱ्हाडी व्हायची. १८२१ साली त्या मित्रांनीच पैसे उभे करून काही गाणी छापली. दोन वर्षांनी शूबर्टने त्यांचे हक्क प्रकाशकाला ठोक रकमेत देऊन टाकले. उक्ते काम करणाऱ्याची गत सगळीकडे सारखीच!

बिऱ्हाडातल्या या बैठकांनाही धास्ती होती. १८१५ नंतर मेटर्निखच्या अमलात चार तरुण एकत्र जमले तरी पोलिसांचे कान टवकारत. मार्च १८२० मध्ये योहान झेन या कवीच्या खोलीवर धाड पडली. तेथे शूबर्टही होता. त्याला समज देऊन सोडले. झेन मात्र चौदा महिने तुरुंगात राहिला आणि पुढे तिरोलला हद्दपार झाला. शूबर्टने नंतर त्याच्या दोन कवितांना चाली दिल्या. जमावबंदीचे हुकूम ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या मैत्रीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता ऐकायचे कसे? आपल्या भावगीतात पेटी बहुधा गळ्यामागून चालते. येथे पियानो स्वतः बोलतो. गटेच्या 'फाउस्ट'मधली ग्रेटखेन सूत काततानाचे गाणे शूबर्टने १८१४ मध्ये, सतराव्या वर्षी केले. पियानोवर उजव्या हाताने चरखा सारखा फिरत असतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चाक थांबते. मग ते अडखळत पुन्हा सुरू होते. एवढ्यात सारे आले.

विल्हेल्म म्युलरच्या कवितांवर १८२७ मध्ये रचलेल्या 'हिवाळी प्रवास' या चोवीस गाण्यांतले शेवटचे तर आपल्या कानाला परके वाटूच नये. गावाबाहेर बर्फावर एक अनवाणी म्हातारा चाक फिरवून तंतुवाद्य वाजवितो आहे. त्याची थाळी रिकामी, कुत्री भोवती गुरगुरत आहेत. पियानोचा डावा हात आरंभापासून अखेरपर्यंत दोनच स्वर धरून आहे. त्यांत अंतर षड्ज-पंचमाचे. तंबोऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला याहून ओळखीचे काय असणार? फरक इतकाच, की आपला तंबोरा गाण्याला आधार देतो, आणि हे दोन स्वर गाणाऱ्याला उघड्यावर उभे करतात. वाटसरू त्या म्हाताऱ्याला विचारतो, मी तुझ्याबरोबर येऊ का? उत्तर येत नाही.

वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेल्या आणि कुडाळात खाणावळ चालविलेल्या आरती प्रभूंच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली ज्यांनी कान देऊन ऐकल्या, त्यांना हे दार आपल्या गल्लीतूनच उघडते असे आमचे मत आहे.

नोव्हेंबर १८२८ मध्ये शूबर्ट अंथरुणाला खिळला होता. पडल्या पडल्या तो 'हिवाळी प्रवासा'च्या दुसऱ्या भागाची मुद्रिते तपाशीत होता. १९ तारखेला तो गेला. पुस्तक डिसेंबरात बाहेर पडले.