नानखटाई व बिस्किटांची घरगुती मिष्टान्ने

नानखटाई : मैदा, पिठीसाखर व तूप ही द्रव्ये पाण्याशिवाय मळून मंद आचेवर भाजलेला वाटोळा, गोड व खुसखुशीत खाद्यपदार्थ. स्कॉटलंडमधील शॉर्टब्रेड व अमेरिकेतील शुगर कुकी हे तिचे जवळचे आप्त होत. सामान्यतः मैद्याच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक तूप व जवळजवळ तितकीच साखर घेतात. थोडे बेसन वा रवा, वेलदोडे किंवा जायफळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा हे जिन्नस आवडीनुसार घालतात. प्रस्तुत नोंदीत नानखटाई व तत्सम गोड बिस्किटे, तसेच बिस्किटे हाच कच्चा माल धरून घरी केली जाणारी मिष्टान्ने यांचा वृत्तांत मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाडा यांच्या संदर्भात दिला आहे.

‘नान’ हा शब्द फार्सी असून त्याचा अर्थ रोटी असा आहे. ‘खटाई’ या उत्तरपदाविषयी मतभेद आहेत. ‘खता’ किंवा ‘खताई’ या चीनवाचक फार्सी शब्दाशी काही जण त्याचा संबंध जोडतात, तर काही जण पीठ आंबविण्यासाठी पूर्वी घालीत असलेल्या ताडीच्या आंबटपणाशी. नाव फार्सी असले, तरी पदार्थाची घडण मात्र वेगळ्या दिशेकडे बोट दाखविते. छत्रपती संभाजीनगरचा प्रसिद्ध नान (नान-खलिया या जोडीतील) तंदुराच्या उभ्या भिंतीला चिकटवून भाजतात. तसे करता येते, याचे कारण पाण्यात मळलेल्या कणकेतील ग्लुटेनाचे चिवट जाळे. नानखटाईच्या मळणीत तूप मैद्याच्या कणांना वेढून टाकते, ग्लुटेन तयार होत नाही आणि गोळा भिंतीला चिकटणे अशक्य होते. त्यास सपाट तळाची व वरून-खालून सारखी उष्णता देणारी बंद भट्टीच लागते. किमानपक्षी झाकणावर निखारे ठेवलेले पसरट भांडे तरी हवे. अशा बंद भट्ट्या पश्चिम किनाऱ्यावर रुजविण्यात पोर्तुगीजांचा व त्यांच्यामागून आलेल्या यूरोपीय व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. नान-खलियाचा संबंध मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादेस हलविलेल्या राजधानीशी जोडणारी आख्यायिका लोकप्रिय आहे. नानखटाईला मात्र, नावातील ‘नान’ सोडल्यास, त्या परंपरेत स्थान देता येत नाही.

नानखटाईचा उगम सुरतेत झाला, असे सामान्यतः मानले जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी डचांनी तेथे वखार घातली. त्यांच्या पदरी असलेल्या पाववाल्यांकडून ही कला पारशी बेकरीवाल्यांकडे आली, अशी परंपरागत कथा सुरतेच्या दोटीवाला घराण्यात सांगितली जाते. या घराण्याची पेढी १८६१ पासूनची म्हणून ओळखली जाते. कथेनुसार ताडी व अंडी वगळल्यावरच हिंदू गिऱ्हाइके या पदार्थाकडे वळली. कथेचा तपशील वादातीत नाही, परंतु तीतील शेवटचा भाग पुढील इतिहासाशी जुळतो. याच डचांनी सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत, आजच्या न्यूयॉर्कच्या जागी, वसाहत केली होती. त्यांच्या भाषेतील ‘कूक्ये’ (लहान केक) या शब्दावरूनच अमेरिकन इंग्रजीतील ‘कुकी’ हा शब्द आला.

महाराष्ट्रात भट्टीच्या पदार्थांना घरात प्रवेश मिळण्याच्या मार्गात चवीची नव्हे, तर विटाळाची अडचण होती. पाव व बिस्किटे करण्याचा धंदा बहुधा ख्रिस्ती, मुसलमान, पारशी व इराणी कारागिरांच्या हाती असे. ज्या पिठाला त्यांचा व पाण्याचा स्पर्श झाला, ते सोवळ्याच्या घरात निषिद्ध ठरे. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा ही जातिबंधन तोडल्याची खूण होती, यावरूनच त्या बंधनाची तीव्रता कळते. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक हे होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न पुढे दोन वर्षे गाजला. बिस्किटाच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख गमतीखातर करण्याची प्रथा आहे. ती योग्य नाही. ज्यांच्यावर बहिष्कार पडला, त्यांच्या घरातील लग्ने व श्राद्धे त्यामुळे अडत आणि त्याचा जाच घरच्या स्त्रियांनाही सोसावा लागे. दिल्लीत १८९८ मध्ये एका कारखान्याने ‘हिंदू बिस्किट कंपनी’ असेच नाव घेतले, यात व्यापारी धोरण होते हे उघड आहे.

औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे येथील परिस्थिती पुण्याहून काहीशी निराळी होती. शहरात नानवाल्यांचे तंदूर पूर्वीपासून होते. छावणीतील लष्करामुळे पाव-बिस्किटांना गिऱ्हाईक मिळाले आणि १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर हैदराबादी बेकरीच्या चालीरीतींशी संपर्क वाढला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याच्या नावाने ओळखले जाणारे, किंचित खारट चवीचे उस्मानिया बिस्कीट याच परंपरेतील होय. हैदराबाद संस्थानात पावाला ‘डबल रोटी’ म्हणत. तिचे काप तुपात तळून, साखरेच्या पाकात व दुधात मुरवून केलेला ‘डबल का मीठा’ मराठवाड्यातील मुसलमान घरांच्या लग्नांत रूढ झाला. भट्टीतून आलेला तयार पदार्थ कच्चा माल मानून त्यापासून घरी मिष्टान्न करण्याची रीत या प्रदेशाला अशा प्रकारे बिस्किटांच्या आधीच परिचयाची होती.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठवाड्यातील, किंबहुना महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांतील मध्यमवर्गीय घरांनी विटाळाच्या प्रश्नावर जी तोड काढली, ती या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. घरात भट्टी नव्हती आणि बेकरीतील तयार मालावर विश्वास नव्हता. तेव्हा जिन्नस घरचे व विस्तव बेकरीचा, अशी विभागणी झाली. दिवाळीच्या आधी, रमजान ईदेच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्त्रिया मैदा, रवा, दळून आणलेली साखर व तूप घेऊन बेकरीत जात. तूप बहुधा महिनाभर साठविलेल्या सायीचे असे. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आल्यानंतर हळूहळू त्याची जागा वनस्पती तुपाने घेतली. वनस्पती तुपाने बिस्कीट अधिक खुसखुशीत होते, पण त्याला साजूक तुपाचा वास येत नाही. म्हणून काही घरी दोन्ही मिसळत. मळण्याचे काम कारागीर करी, परंतु अनेक जणी परातीत साखर व तूप तळहाताने फेसण्याचे काम स्वतःच्या हाती ठेवीत. हा आग्रह केवळ सोवळ्याचा नव्हता. फेसण्यात मिश्रणात हवा शिरते, तीच पुढे भट्टीत प्रसरण पावून नानखटाई हलकी करते व तिच्या माथ्यावर भेगा पाडते. फेसणे अपुरे राहिले, तर सोडा वाढवूनही ती उणीव भरून निघत नाही. उलट सोड्याची कडवट चव तेवढी येते.

पावाची भाजणी संपून भट्टी उतरू लागली, की बिस्किटांचे पत्रे आत जात. पावाला लागणारी कडक आच नानखटाईला चालत नाही. ती सु. १६०°–१७०° से. तापमानात भाजावी लागते. म्हणून बायकांची पाळी बहुधा अडनिड्या वेळी येई आणि मुलांना रांग धरून बसविले जाई. मजुरी किलोवर ठरे. परत जाताना पत्र्याचे चौकोनी डबे भरून नेत. आपले तूप दुसरीच्या मालात गेले नाही ना, ही शंका कायमची असे. तिच्यावर तोडगा म्हणजे वजन. नानखटाईत पाणी घालीत नसल्यामुळे भाजताना जाते ती मुख्यतः मैद्यातील ओल. ती मैद्याच्या वजनाच्या बारा-तेरा टक्के एवढीच असते आणि मैदा मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे एकूण घट दहाव्या भागाच्या आतच राहावयास हवी. हे गणित कोणी मांडून दाखविलेले नसले, तरी जिन्नस मोजून देणाऱ्या व डबे मोजून घेणाऱ्या स्त्रियांना ते अनुभवाने पाठ होते. बेकरीवाल्यालाही ते ठाऊक असे. त्यावरच त्याची पत अवलंबून होती.

या व्यवस्थेत श्रेय कोणाचे, हा प्रश्न कधी स्पष्टपणे विचारला गेला नाही. दिवाळीच्या फराळात ही बिस्किटे ‘घरची’ म्हणूनच वाढली जात. ज्याने ती मळली, वळली व भाजली, त्याचे नाव ताटापर्यंत येत नसे. तथापि ज्या हातचा पदार्थ दोन पिढ्यांपूर्वी निषिद्ध होता, त्याच्याच भट्टीतून सणाचे डबे भरून येऊ लागले, हा बदल कोणत्याही सभेच्या ठरावाशिवाय झाला. अंड्याविषयीची शंका मात्र पुष्कळ काळ टिकून राहिली आणि जिन्नस घरून नेण्याचे तेच एक उघडपणे सांगितले जाणारे कारण उरले.

भट्टीशिवाय घरीच भाजण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. वर-खाली निखारे ठेवून भाजण्याची पद्धत कोकणात काकडीच्या धोंडसासाठी व गोव्यात बेबिंकासाठी पूर्वापार आहे. तिचाच उपयोग नानखटाईसाठी झाला. पुढे जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तीवर ताटली ठेवण्याची युक्ती आली. त्यानंतर ॲल्युमिनियमची वाटोळी विजेची भट्टी व शिटी काढलेला प्रेशर कुकर ही साधने आली. वाळूची आच सावकाश वाढते व सावकाशच उतरते, म्हणून नवशिकीच्या हातीही नानखटाई सहसा करपत नाही. मात्र एका वेळी आठ-दहाच निघतात. सणाच्या डब्यांसाठी बेकरीची वाट सुटली नाही, ती यामुळे.

कारखान्यातील बिस्किटे स्वस्त झाल्यावर चित्र पालटले. कोलकात्यात १८९२ मध्ये ब्रिटानियाचा आरंभ झाला. मुंबईच्या विलेपार्ले येथे १९२९ मध्ये निघालेल्या पार्ले कंपनीने १९३९ च्या सुमारास ग्लुकोज बिस्किटे काढली. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ मध्ये एका रशियन राजकन्येच्या विवाहानिमित्त काढलेले मारी बिस्कीटही भारतात घरोघरी पोहोचले. बंद पुड्यातील यंत्राच्या मालाला स्पर्शाचा प्रश्न उरला नाही आणि बिस्कीट हे पाहुण्याला द्यावयाचे खाद्य न राहता फडताळातला नित्याचा जिन्नस बनले. त्यापासून मिष्टान्न करणे ही पुढची पायरी होती.

या मिष्टान्नांचे दोन वर्ग पडतात. पहिल्यात विस्तव लागत नाही. मारी बिस्किटांचा चुरा, कोको, पिठीसाखर व लोणी मळून त्याची पोळी लाटतात, तीवर खोबऱ्याचा कीस व साखर यांचे सारण पसरून गुंडाळी करतात आणि ती थंड करून काप पाडतात. शीतकपाट घरात आल्यावर हा प्रकार मुलांच्या वाढदिवशी रूढ झाला. कस्टर्ड, फळे व बिस्किटे यांचे थर देऊन केलेले ट्रायफल इंग्रजी वळणाचे आहे. त्यात केकऐवजी बिस्कीट घालणे ही येथील सोय होय. गोव्यात सेराडुरा (पोर्तुगीज अर्थ लाकडाचा भुसा) हा प्रकार आढळतो. तो मकावमध्येही प्रसिद्ध आहे. फेटलेली साय व आटवलेले गोड दूध यांच्या थरांमध्ये मारी बिस्किटांची वस्त्रगाळ पूड घालून तो करतात. सोपेपणा व चव यांचा मेळ पाहता या वर्गात तोच सर्वांत यशस्वी म्हणावा लागेल.

दुसऱ्या वर्गातील मुख्य पदार्थ म्हणजे बिस्किटांचा केक. ग्लुकोज बिस्किटांच्या पुडीत दूध व थोडी साखर मिसळतात, शेवटी फळक्षार किंवा सोडा घालतात आणि मिश्रण कुकरात शिटीविना भाजतात. एकदा भाजलेल्या वस्तूचा पुन्हा केक कसा होतो, याचे स्पष्टीकरण बिस्किटाच्या घडणीत आहे. बिस्किटाच्या मळणीत पाणी फार थोडे असल्याने मैद्यातील स्टार्च भाजताना पुरते फुलत नाही. पुढे दूध व उष्णता मिळताच ते फुलते व मिश्रण धरून ठेवते. पावाचे नेमके उलट असते. त्यातील स्टार्च आधीच फुललेले व ग्लुटेनाचे जाळे पक्के असते, म्हणून तो पाकात मुरूनही अखंड राहतो. बिस्कीट पाकात टाकल्यास त्याचा लगदा होतो. डबल का मीठा बिस्किटांचा करण्याचे प्रयत्न फसतात ते यामुळे. नानखटाईत तूप पुष्कळ असल्याने तिचा केकही नीट होत नाही. तिचा चुरा श्रीखंड, बासुंदी किंवा रबडीवर ऐन वेळी पेरणे, हाच तिचा योग्य उपयोग ठरतो. आधी पेरून ठेवल्यास तिचा खुसखुशीतपणा जातो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत बिस्किटांच्या केकचा प्रसार विशेष झाला. पुडे मिळत होते व पदार्थाला भट्टीची गरज नव्हती.

जिन्नस देऊन बिस्किटे भाजून आणण्याची प्रथा अलीकडे पुष्कळ विरळ झाली आहे. तयार माल मुबलक आहे व घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. लाकूड-कोळशावरील भट्ट्यांवरही धुराच्या कारणाने निर्बंध येत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. गॅसच्या भट्टीत पावानंतरची उतरती आच मिळण्याऐवजी तापमान हवे तसे लावता येते, त्यामुळे बिस्किटांसाठी अडनिड्या वेळेपर्यंत थांबण्याची गरज राहत नाही. मराठवाड्यातील ज्या बेकऱ्या अजूनही दिवाळीत घरचे जिन्नस स्वीकारतात, तेथे डब्याच्या झाकणावर घरवालीचे नाव खडूने लिहिण्याची आणि भाजण्यापूर्वी व भाजल्यावर वजन करण्याची रीत तशीच आहे.