पश्चिम खानदेशातील साधी सायकल आणि तिचा हिवाळी हंगाम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

खानदेशच्या आर्थिक इतिहासात कापूस, सावकारी, जमिनीचे हस्तांतर आणि लोहमार्ग या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या तुलनेत गावापासून बाजारापर्यंतचे आठ-दहा मैल माणूस कसा कापत होता, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. बैलगाडीचा उल्लेख तरी येतो. सायकलीचा तोही येत नाही. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र व भातगिरणी या छोट्या यंत्रांच्या आधारे भारतीय आधुनिकतेची मांडणी केली आहे. अशा मांडणीची कसोटी जिल्ह्याच्या पातळीवर लागायला हवी.

प्रस्तुत लेखात आजचा नंदुरबार जिल्हा, म्हणजेच जुन्या पश्चिम खानदेशचा वायव्य भाग, या मर्यादित प्रदेशातील 'साध्या सायकली'चा विचार केला आहे. गिअरच्या सायकली बाजारात आल्यानंतर एकाच वेगाच्या जुन्या सायकलीला लोकभाषेत 'साधी सायकल' हे नाव मिळाले. तेच येथे स्वीकारले आहे. या सायकलीचा येथील इतिहास हा मुख्यतः ऋतूचा इतिहास आहे. ती बारमाही वाहन म्हणून कधीच चालली नाही. पावसाळा संपल्यावर तिची जुळणी होई, हिवाळ्यात ती पूर्ण क्षमतेने धावे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबे.

स्थिर चाक आणि मोकळे चाक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशविषयक बारावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रस्ते, घाट आणि गाड्यांच्या तपशिलात सायकलीला स्थान असणे शक्यच नव्हते. दोन सारख्या चाकांची, मागील चाकाला साखळीने गती देणारी स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात आली आणि डनलॉप यांची हवा भरलेली धाव १८८८ मध्ये. या आरंभीच्या सायकलींचे मागील दातेचक्र चाकाच्या तुंब्याला पक्के बसवलेले असे. चाक फिरत आहे तोपर्यंत पायडल फिरणारच. पाय थांबवून उतारावर निवांत बसण्याची सोय नव्हती. ही सोय करणारे फ्रीव्हील एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रूढ झाले. तापी खोऱ्यातून सुरतेकडून अंमळनेरकडे जाणारा लोहमार्गही त्याच सुमारास झाला. त्यामुळे नंदुरबारच्या बाजारपेठेत सायकली येऊ लागल्या त्या बहुतांशी मोकळ्या चाकाच्याच असणार, असे मानण्यास हरकत नाही.

इंग्लंडात मात्र स्थिर चाक नाहीसे झाले नाही. तेथील सायकल-मंडळांतील हौशी स्वार ऑक्टोबरनंतर आपली चांगली सायकल बाजूला ठेवत आणि हिवाळ्यासाठी जुन्या सांगाड्यावर स्थिर चाक व मडगार्ड चढवत. त्यामागे काटकसर होतीच, पण यांत्रिक कारणही होते. फ्रीव्हीलच्या पोटात स्प्रिंगवर टेकलेले दोन छोटे खटके असतात. आपल्याकडील कारागीर त्यांना 'कुत्रे' म्हणतात. कडाक्याच्या थंडीत आतील वंगण घट्ट झाले किंवा पाणी गोठले, तर हे कुत्रे दात्यांत अडकत नाहीत आणि पायडल रिकामे फिरते. स्थिर चाकात असा भागच नसल्याने बिघडण्यासारखे काही उरत नाही. शिवाय निसरड्या रस्त्यावर पायांच्या उलट दाबाने वेग आवरता येतो. तेथे हिवाळी सायकल म्हणजे चिखल, मीठ आणि बर्फ यांच्याशी सामना करणारे यंत्र होते. खानदेशात हाच ऋतू सायकलीला सर्वाधिक अनुकूल ठरला, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

काळी जमीन आणि सायकलीचे वर्ष

तापीच्या दोन्ही काठांवर, विशेषतः शहादा, तळोदा व नंदुरबार तालुक्यांच्या सखल भागात, काळी कसदार जमीन आहे. पावसाळ्यात ती चाकाला धरते. मडगार्ड व टायर यांच्यामधील बोटभर जागेत चिखल ठासून बसतो, चाक फिरेनासे होते आणि काही अंतरावर सायकल खांद्यावर घेण्याची वेळ येते. ज्या काळात गावोगावच्या वाटा कच्च्या होत्या, त्या काळात आषाढ ते भाद्रपद सायकल ओसरीत भिंतीला टेकवून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होता. उन्हाळ्यात रस्ता कोरडा खरा, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारचा प्रवास नकोसा होतो. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे चार-पाच महिने उरत. सायकलीचे खरे वर्ष तेवढेच.

शेतीची व बाजाराची धावपळही नेमकी याच काळात असे. कापसाची वेचणी, सहकारी साखर कारखानदारी आल्यानंतर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा गाळप हंगाम, नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळवण्याचे काम, ही सर्व हिवाळ्याची कामे. मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिच्या घोडेबाजाराची ख्याती दूरवर आहे. यात्रेत भाव घोड्याचा होत असला, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य शेतकऱ्याच्या दारी घोड्याची जागा सायकलीने घेतलेली होती.

ही सायकल सर्वांच्या दारी एकाच वेळी आली नाही. प्रथम ती व्यापारी, नोकरदार व बागायतदारांकडे आली. तेव्हा ती ब्रिटिश बनावटीची असे. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी तिचे स्वरूप पालटले. मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची अॅटलास (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) या कारखान्यांनी जुन्या इंग्रजी रोडस्टरचाच साचा उचलला व तो अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ न बदलता चालवला. काळा रंग, २८ इंची चाके, सळीचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर, वजन सुमारे २० किलो. सायकल, घड्याळ आणि रेडिओ ही लग्नात जावयाला द्यावयाच्या वस्तूंची त्रयी याच काळातील. ज्याला विकत घेणे परवडत नसे, तो तासाच्या दराने भाड्याची सायकल घेई. भूमिहीन आदिवासी मजुराचा या यंत्राशी पहिला परिचय पुष्कळदा या भाड्याच्या सायकलीवरच झाला.

शासनयंत्रणेनेही सायकलीचा आधार घेतला. टपालवाटप करणारा पोस्टमन सर्वांना परिचित आहे. त्याच्याइतकाच महत्त्वाचा, परंतु विस्मृतीत गेलेला स्वार म्हणजे हिवताप निर्मूलन कार्यक्रमातील कर्मचारी. १९५८ मध्ये हिवताप नियंत्रणाचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. तापाचे रुग्ण शोधण्यासाठी पंधरवड्याला घरोघर भेट देण्याची पद्धत या कार्यक्रमाने रुजवली. अशा फेऱ्यांचे वेळापत्रक कागदावर बारमाही होते. काळ्या जमिनीच्या गावांत ते पावसाळ्यात पाळणे किती अवघड होते, हे वेगळे सांगावयास नको.

हिवाळ्याची जुळणी

दसऱ्याच्या आसपास सायकल दुकानात जाई. तिचे सर्व सांधे उघडून, धुऊन, नव्याने वंगण भरण्याच्या कामाला इंग्रजीत 'ओव्हरहॉल' म्हणतात. मराठी मुलखात त्याचे 'ओव्हरऑइल' झाले. शब्दाचे हे रूपांतर चुकीचे असले, तरी कामाचे स्वरूप मूळ शब्दापेक्षा अधिक नेमके सांगणारे आहे.

या कामाचा क्रम ठरलेला असे. मागील आस काढली की दोन्ही बाजूंचे पाव इंची छर्रे, प्रत्येकी नऊ, रॉकेलच्या वाटीत पडत. झिजलेला एखादा छर्रा बदलून भागत नाही, एका बाजूचा संच एकदमच बदलावा लागतो, हे ज्ञान कारागिराकडे अनुभवाने आलेले असे. पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्यामुळे ग्रीस पांढरट, साबणासारखे झालेले असे. ते पुसून नवे भरले जाई. कोन इतकाच आवळायचा की चाक अडू नये आणि खेळही राहू नये. फ्रीव्हीलमध्ये मात्र ग्रीस भरत नसत, पातळ तेल सोडत. त्याचे कारण वर आलेच आहे. नंदुरबारच्या सपाटीवर थंडी बर्फाची नसली, तरी धूळ आणि घट्ट वंगण मिळून पहाटेच्या वेळी कुत्रे चिकटण्यास पुरेसे असते.

साखळी रॉकेलमध्ये बुडवून घासली जाई व मागील चाक थोडे मागे ओढून तिचा ताण नीट केला जाई. साध्या सायकलीत ताण साधणारा दुसरा कोणताही भाग नसल्याने चाक आसाच्या खाचेत कोठे आवळले, यावरच सर्व अवलंबून असते. मध्यभागी बोटाने दाबल्यास अर्धा इंचभर झोल राहावा. पावसाळ्यात ओल्या रिमेवर निसटणारे ब्रेकचे रबर कोरड्या दिवसांत घट्ट धरू लागत. ते झिजले असल्यास याच वेळी बदलत.

हवेचा प्रश्न हिवाळ्यात विशेष येतो. दुपारी तीस अंशांत ५० पौंड हवा भरलेला टायर पहाटे दहा अंशांत सुमारे ४ पौंड उतरतो. त्यात कुठेही गळती नसते. थंड झालेल्या हवेचा दाबच कमी होतो. पंक्चर झाल्याच्या समजुतीने सकाळी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा न दिसणे हा दुकानदाराचा नित्याचा अनुभव. खरी पंक्चर होई ती बाभळीच्या काट्याने, कारण पिके निघू लागली की बांधावरची काटेरी झुडपे तोडली जात आणि काटे वाटेवर येत.

जानेवारीत येथे सूर्य सकाळी सात वाजून गेल्यावर उगवतो. दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले व पहिल्या पाळीचे कामगार यांचा प्रवास त्यामुळे अंधारातच सुरू होई. टायरवर घासून फिरणारा डायनामो पावसाळ्यात ओल्या रबरावरून घसरतो. हिवाळ्यात तो चोख चालतो. कारागिरांच्या या ज्ञानाची कोणतीही लिखित परंपरा नाही. पोरगेलेसे हात आधी हवा भरणे, मग पंक्चर, मग आरे ओढून चाक सरळ करणे या क्रमाने ते शिकत गेले. शिक्षणाच्या इतिहासात या शाळेची नोंद कोणी घेतली नाही.

घाटाच्या पायथ्याशी

साध्या सायकलीच्या पुढील चक्राला सर्वसाधारणपणे ४४ किंवा ४८ आणि मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतात. ४४ व १८ ही जोडी धरली, तर २८ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. शहादा ते तळोदा या सपाट रस्त्यासाठी हे प्रमाण उत्तम आहे. परंतु शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा सात पायरी घाट, तळोद्याहून धडगावकडे नेणारा चांदसैली घाट किंवा अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरील देवगोई घाट यांच्या चढावर २० किलोची सायकल या दात्यांनी रेटणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथे स्वार उतरतो व सायकल ढकलू लागतो. उतारावर उलट संकट : लांबच्या उताराला सळीचा ब्रेक पुरा पडत नाही.

थंडीचेही तसेच. डाब व वालंबा या सातपुड्यातील गावांच्या परिसरात काही वर्षी गवतावरचे दव गोठते. जिल्ह्यात इंग्लंडशी दूरान्वयाने साम्य असलेला हिवाळा कोठे असेल तर तो येथे. आणि नेमके येथेच सायकल पोहोचली नाही.

डोंगरासाठी दाते बदलण्याची युक्ती युरोपात जुनी होती. टूर द फ्रान्स शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला १९३७ मध्ये मुभा मिळाली. तोपर्यंत स्वार मागील तुंब्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत आणि घाट आला की चाक काढून उलटे लावत. भारतीय रोडस्टरच्या तुंब्याला दातेचक्रासाठी एकाच बाजूला आटे असतात, त्यामुळे ही वाट बंद होती. अठराच्या जागी वीस किंवा बावीस दात्यांचे फ्रीव्हील बसवणे मात्र अवघड नव्हते. बावीस दात्यांनी एका फेऱ्यातील अंतर साडेचार मीटरपर्यंत उतरते, चढ तेवढा हलका होतो. देशी कारखान्यांचा साचा गंगेच्या मैदानापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत एकच राहिला. सातपुड्याचे गिऱ्हाईक त्यांच्या हिशेबात नव्हते.

हा तपशील केवळ जुन्या काळापुरता नाही. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून मागास तालुक्यांतील इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले जाऊ लागले. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुली त्यास पात्र ठरल्या. अनुदानाची रक्कम २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. शहादा तालुक्याच्या सखल भागातील मुलीसाठी हे पाच किलोमीटर म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी अर्ध्या तासाहून कमी वेळ. अक्राणी तालुक्यात तेच पाच किलोमीटर पाड्यावरून ओढ्यात उतरतात आणि पुन्हा टेकडीवर चढतात. दुकानातून मिळणारी सायकल दोघींची सारखीच असते, मागे अठरा दात्यांची.