पडक्या घराचे भाडे

विजयदुर्गास माझे आजोळ. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती अजून ताठ आहेत. पण शाकारणी करणारे कोणी उरले नाही, आणि एक नळा सरकला की वासे कुजायला दोन पावसाळे पुरतात.

ही घरे ओस पडली त्याचे मूळ लांब आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पुढे पेशव्यांचे आरमार धुळपांच्या हाताखाली इथेच नांदले. १८१८ नंतर तेही सरले. मग माणसे मुंबईस गेली. माझे आजोबा गिरगावच्या चाळीत राहिले. १९४७ च्या कायद्याने तिथले भाडे १९४० च्या दरापाशी गोठले आणि घरमालकाने डागडुजी सोडली. आजोबा मात्र पगारातून गावच्या घराला कौलांचे पैसे धाडीत!

२०२५ मध्ये युनेस्कोने किल्ल्यास जागतिक वारशात घेतले. आता पडकी घरे विकत मागणारे येतात. परवा एका गृहस्थांनी ओटीवर बसून हिशेब मांडला: छप्पर, न्हाणीघरे, पर्यटकांचे रात्रीचे भाडे. हिशेब चोख होता. मुंबईकर वारसांच्या सह्या आल्या होत्या; उरली होती मामीची.

“तुळस ठेवाल ना हो?” तिने विचारले.

“ठेवू की. फोटोत छान दिसते.”

मामी काही बोलली नाही. आत जाऊन तिने चष्मा आणला.