दीडशे पदांची बचत : स्टॅफर्ड रुग्णालयाचा इतिहास

१/ परिचारिकेचे पद रद्द केले की बचत लगेच ताळेबंदात दिसते. रुग्णांची हानी मात्र वेगवेगळ्या खाटांवर, वेगवेगळ्या निदानांच्या आड विखुरलेली राहते. इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात हेच घडले. त्याविषयी हा धागा.

२/ ब्रिटनमध्ये १९४८ पासून एनएचएस ही सार्वजनिक आरोग्यसेवा आहे. २००४ पासून तेथील रुग्णालये चालवणाऱ्या ट्रस्टना 'फाउंडेशन ट्रस्ट' हा अधिक स्वायत्त दर्जा मिळू लागला. त्यासाठी आर्थिक स्थिती भक्कम असावी लागे. स्टॅफर्ड रुग्णालय चालवणाऱ्या मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टला तो दर्जा हवा होता.

३/ २००६-०७ या वर्षासाठी ट्रस्टने १ कोटी पौंड बचतीचे लक्ष्य ठेवले. दीडशेहून अधिक पदे गेली, त्यांत परिचारिकांचीही होती.

४/ हेल्थकेअर कमिशनचा चौकशी अहवाल मार्च २००९ मध्ये आला. आपत्कालीन विभागात रुग्णांची पहिली पाहणी वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करीत. एका विभागात परिचारिकांना वापर ठाऊक नसल्याने हृदयाचे मॉनिटर बंद ठेवले जात. रुग्ण मळलेल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहत.

५/ २००७ मध्ये मधुमेह असलेल्या एका महिलेला इन्शुलिन दिलेच गेले नाही. पाळी बदलताना माहिती पुढच्या परिचारिकेपर्यंत नीट पोहोचवण्याची व्यवस्थाच तेथे नव्हती. त्या महिलेचा मृत्यू झाला. या प्रकरणी २०१४ मध्ये न्यायालयाने ट्रस्टला २ लाख पौंड दंड केला.

६/ मनुष्यबळ अपुरे असल्याच्या लेखी नोंदी परिचारिका करीत होत्या. त्यांची दखल घेतली गेली नाही. नातेवाइकांच्या तक्रारीही साचत होत्या. तरीही १ फेब्रुवारी २००८ रोजी ट्रस्टला हवा असलेला दर्जा मिळाला. कारण तपासणारे प्रामुख्याने हिशेब पाहत होते.

७/ 'तेथे ४०० ते १२०० रुग्ण नाहक दगावले' हा आकडा वृत्तपत्रांतून गाजला. मात्र चौकशी करणारे विधिज्ञ रॉबर्ट फ्रान्सिस यांनी संख्याशास्त्रीय तक्त्यांवरून टाळता येण्याजोग्या मृत्यूंची संख्या ठरवणे अयोग्य मानले. त्यांनी भर दिला तो रुग्ण आणि नातेवाइकांच्या साक्षींवर.

८/ फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या. जुलै २०१४ मध्ये 'नाइस' या संस्थेने मार्गदर्शक तत्त्वे दिली. सर्व वॉर्डांना लागू पडेल असे एकच प्रमाण नाही; परंतु दिवसपाळीत एका परिचारिकेकडे ८ हून अधिक रुग्ण आले, तर हानीचा धोका वाढतो, असे त्यांत नमूद होते.

९/ पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, 'नाइस'चे हे काम थांबवण्यात आले. वेल्सने २०१६ मध्ये आणि स्कॉटलंडने २०१९ मध्ये परिचारिकांच्या पुरेशा संख्येसाठी कायदे केले. ज्या इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड घडले, तेथे तसा कायदा झाला नाही.

१०/ रुग्णाला वेळेवर औषध देणे, पाणी पाजणे, कूस बदलणे, बिघडत चाललेली प्रकृती ओळखणे, ही कामे परिचारिकेच्या हातून होतात. म्हणून रिक्त पदांचा तक्ता हाही रुग्णसुरक्षेचा दस्तऐवज आहे. आपल्या सार्वजनिक रुग्णालयाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : आज रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत?