साडेतीन मिलिमीटरची गोष्ट

'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' हा शब्द आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी सतत असतो. पण तिचं एक झकास उदाहरण १९३५ सालचं आहे, आणि तेही बंदुकीचं!

त्या वर्षी अमेरिकेत .३५७ मॅग्नम हे काडतूस आलं. गंमत म्हणजे त्याची गोळी जुन्या .३८ स्पेशलच्याच व्यासाची. '.३८' हे नुसतं नाव, खरा व्यास .३५७ इंच. मग फरक कशात? दाबात. आजच्या मानकांप्रमाणे तो दुप्पट आहे. असलं काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये गेलं तर अनर्थच! म्हणून पुंगळी साधारण साडेतीन मिलिमीटर लांब केली. .३८ मॅग्नममध्ये बसतं, उलटं बसत नाही.

१९५५ मध्ये स्मिथ अँड वेसनने बॉर्डर पेट्रोलच्या बिल जॉर्डन यांच्या सूचनेवरून मध्यम सांगाड्याचं, वागवायला हलकं मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढलं. तेच पुढे 'मॉडेल १९' झालं. हिशोब साधा होता: सराव स्वस्त, सौम्य .३८ वर आणि कामावर मॅग्नम.

इथेच मेख होती. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉलला झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी काही मिनिटांत मारले गेले. त्यानंतर पोलीस प्रशिक्षणाची झाडाझडती झाली. जे कामावर वापरायचं त्यावरच सराव करायचा, हा विचार रुजत गेला. विचार बरोबरच, पण आता मॉडेल १९ ला रोज मॅग्नम पचवावं लागलं. त्यात १२५ ग्रेनच्या (सुमारे ८ ग्रॅम) हलक्या, वेगवान गोळ्या आल्या. या रिव्हॉल्व्हरच्या नळीचं मागचं तोंड जागेअभावी खालून तासलेलं असतं. नेमकं तिथेच काही नळ्यांना तडे जाऊ लागले. इतकी वर्षं .३८ च्या सरावाने हा कच्चा दुवा झाकला होता! शेवटी १९८० च्या सुमारास कंपनीने थोडा मोठा 'एल' सांगाडा आणला.

म्हणूनच जुनं मॉडेल १९ बाळगणारे आणि घरी पुंगळ्या पुन्हा भरणारे अमेरिकन आजही बहुधा १५८ ग्रेनची जड गोळी आणि बेताची दारू पसंत करतात. शिवाय .३८ झाडल्यावर सिलिंडरच्या घरात काजळीचं कडं जमतं. ते साफ केल्याशिवाय लांब पुंगळी नीट बसत नाही.

साडेतीन मिलिमीटरने चुकीचं काडतूस अडवलं. चुकीचा सराव मात्र ते अडवू शकत नव्हते.